सतराव्या लेण्यातले चाक

दिवाळीची सुट्टी संपली की खानदेशातल्या शाळांना सहलीचे वेध लागतात. शाळा जळगावची असो, धुळ्याची असो, की शिरपूर-अमळनेरची. सहलीच्या यादीत अजिंठा बहुधा असतोच. जळगावपासून अंतर सुमारे साठ किलोमीटर. नेरी, पहूर मागे टाकून एस.टी. फर्दापूरच्या फाट्यावर थांबते. तेथून लेण्यांच्या बसने आणखी चार किलोमीटर, आणि मग पायऱ्या. दोन-अडीच तासांत तीस लेणी उरकली जातात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध, एक सामुदायिक फोटो आणि बरोबर आणलेल्या दशम्या-चटणीचा फडशा. दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध लिहायचा: ‘आम्ही पाहिलेली लेणी’.

विद्यार्थी मित्रहो, सहलीला माझा विरोध नाही. माझी तक्रार एवढीच आहे की या धावपळीत एक चित्र हमखास सुटते, आणि विज्ञान शिकणाऱ्या मुलांनी अजिंठ्यात एकच चित्र पाहायचे ठरवले, तर ते हेच असावे असे माझे मत आहे. सतराव्या लेण्याच्या पडवीत, लेण्याकडे तोंड करून उभे राहिल्यास डाव्या हाताच्या टोकाच्या भिंतीवर ते आहे. खरे म्हणजे ‘आहे’ म्हणण्यापेक्षा ‘थोडेसे उरले आहे’ म्हणणे बरे. एका प्रचंड चाकाचा तुटका भाग, त्यात दाटीवाटीने बसवलेल्या लहान लहान आकृत्या, आणि ते चाक घट्ट धरून ठेवणारे हात. गिलावा ठिकठिकाणी पडलेला. मार्गदर्शक घाईत असला तर हात करून पुढे जातो, आणि मुले त्याच्यामागे आत जातात.

हे चित्र रूपकचित्र आहे. न्यायदेवतेच्या हातात तराजू दाखवतात, तेव्हा तो धान्य मोजण्यासाठी नसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तसे रूपकचित्रातली माणसे, प्राणी, वस्तू एखाद्या कल्पनेच्या जागी उभ्या असतात. सतराव्या लेण्यातले चाक ज्या कल्पनेच्या जागी उभे आहे ती म्हणजे कार्यकारणभाव, आणि त्या चाकातून सुटण्याची वाट म्हणजे ज्ञान. हे कळायला मात्र शोधकांना पुष्कळ वर्षे लागली, आणि ती हकिकत चित्राइतकीच मोलाची आहे.

१८१९ सालच्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा मद्रास फौजेतला इंग्रज अधिकारी अजिंठ्याच्या दरीत आला, आणि बाहेरच्या जगाला या लेण्यांचा पुन्हा पत्ता लागला. त्यानंतर आलेल्या युरोपियन प्रवाशांनी सतराव्या लेण्यातले हे चाक पाहिले. गोल चक्र, त्याचे भाग पाडलेले, भागांत आकृत्या. त्यांनी ठरवून टाकले की हे राशिचक्र! त्यावरून लेण्याचे नावच ‘झोडियाक केव्ह’ म्हणजे राशिचक्राचे लेणे असे पडले, आणि कित्येक वर्षे तेच चालले.

ही माणसे मूर्ख नव्हती. इजिप्तमधल्या देंदेरा येथील देवळाच्या छतावरचे राशिचक्र १८२१ साली कापून काढून पॅरिसला नेण्यात आले होते, आणि सुशिक्षित युरोपात त्याची मोठी चर्चा झाली होती. डोक्यात राशिचक्र असलेल्या माणसाला भिंतीवर राशिचक्र दिसावे यात नवल नाही. (हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे.) त्यांचे चुकले ते पुढे. तर्क मांडल्यावर तो तपासायचा असतो. राशी बारा, मग चाकाचे भाग बारा आहेत का? मेंढा, बैल, विंचू, मासे कुठे दिसतात का? आणि राशिचक्र असेल, तर ते कुणी तरी दोन हातांनी धरून का ठेवले आहे? तिन्ही प्रश्नांची उत्तरे राशिचक्राच्या विरुद्ध जातात. पण नाव एकदा चिकटले की प्रश्न विचारणे बंद होते. प्रयोगशाळेत आकडा जुळत नसला की ‘निरीक्षणात चूक असेल’ म्हणून तो दडपणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो, जात तीच.

खरा उलगडा १८९०च्या दशकात झाला, आणि तोही अजिंठ्यापासून फार दूर. लॉरेन्स वॅडेल नावाचा एक सरकारी डॉक्टर दार्जिलिंगला नेमणुकीवर होता. तिबेटी लामांच्या मठांतून त्याने एक चित्र वारंवार पाहिले. एक अक्राळविक्राळ आकृती हातापायांनी आणि दातांनी एक मोठे चाक धरून आहे, आणि चाकात सगळा संसार चितारलेला आहे. लामा त्याला भवचक्र म्हणतात. वॅडेलने या चित्राशी अजिंठ्याच्या चाकाची तुलना केली आणि दाखवून दिले की दोन्ही एकाच घराण्याची आहेत.

आता कोणी विचारील, दोन चित्रे सारखी दिसली एवढ्यावरून काय सिद्ध होते? राशिचक्र म्हणणाऱ्यांनाही सारखेपणाच दिसला होता ना? प्रश्न रास्त आहे. पण येथे तिसरा साक्षीदार हजर होता. ‘दिव्यावदान’ हा बौद्ध कथांचा संस्कृत ग्रंथ नेपाळकडच्या हस्तलिखितांवरून १८८६ साली केंब्रिजला छापला गेला होता. त्यात असे चक्र कुठे आणि कसे काढावे याच्या सूचनाच आहेत. मध्यभागी तीन प्राणी काढावेत: पारवा म्हणजे आसक्ती, साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे मोह. भोवती पाच भागांत पाच गती: नरक, पशू, प्रेत, मनुष्य आणि देव. कडेने कारणांची साखळी. हे सारे अनित्यतेने धरलेले दाखवावे, आणि बाहेर पडण्याची दिशा दाखवणारा बुद्ध काढावा. जागा कोणती? तर विहाराच्या दाराशी. अजिंठ्यातले चाक कुठे आहे? सतरावे लेणे हा विहार आहे, आणि चाक त्याच्या पडवीत, आत जाणाऱ्याला दिसेल असे आहे.

तिबेटमधले चित्र, नेपाळकडचे हस्तलिखित आणि अजिंठ्याची भिंत. हे तिघे एकमेकांपासून शेकडो मैल आणि शेकडो वर्षे दूर, आणि तरी साक्ष जुळते. पदार्थविज्ञानात आपण हेच करतो. गुरुत्वत्वरण एकदा लंबकावरून काढतो, एकदा खाली पडणाऱ्या वस्तूवरून काढतो, आणि दोन वेगळ्या वाटांनी उत्तर एकच आले की त्यावर विश्वास ठेवतो. पुढे डीटर श्लिंगलॉफ या जर्मन विद्वानाने अजिंठ्याच्या अनेक चित्रांबरोबर याही चाकाचा बारकाईने अभ्यास केला. पण मुख्य मुद्दा वॅडेलच्या वेळीच निकालात निघाला होता.

त्या ग्रंथातली एक गोष्ट मला शिक्षक म्हणून फार आवडते. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन निरनिराळ्या गती पाहून येई आणि लोकांना त्यांची हकिकत सांगे. बुद्ध म्हणाला, मौद्गल्यायन सगळीकडे कसा पुरा पडणार? म्हणून दाराशी हे चित्र काढा. पण नुसते चित्र काढून भागले नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ते समजावून सांगण्यासाठी एक भिक्षू नेमावा अशीही आज्ञा झाली. म्हणजे हा भिंतीवरचा शैक्षणिक तक्ता होता आणि शेजारी मास्तर उभा होता! आपल्या प्रयोगशाळांच्या भिंतींवर तक्ते असतात. ते समजावून सांगणारा माणूस किती ठिकाणी नेमलेला असतो, हे मी येथे विचारीत नाही.

आता त्या साखळीकडे वळू. तिच्या बारा कड्या आहेत: अविद्या, संस्कार, विज्ञान, नामरूप, षडायतन, स्पर्श, वेदना, तृष्णा, उपादान, भव, जाती आणि जरामरण. शब्द जड आहेत, पाठ करू नका. (येथे ‘विज्ञान’ म्हणजे जाणीव, आपल्या पाठ्यपुस्तकातले विज्ञान नव्हे.) तिबेटी चित्रांत या कड्या लहान लहान चित्रांनी दाखवतात. अविद्या म्हणजे काठी टेकीत चाललेले आंधळे माणूस, संस्कार म्हणजे मडकी घडवणारा कुंभार, जाणीव म्हणजे एका फांदीवरून दुसरीवर उडी मारणारे माकड, वेदना म्हणजे डोळ्यात बाण घुसलेला माणूस, आणि तृष्णा म्हणजे पेला तोंडाला लावलेला माणूस. सांगायचे एवढेच आहे की दुःख आकाशातून पडत नाही. ते कशामुळे तरी येते, ते ‘कशामुळे’ दुसऱ्या कशामुळे तरी येते, आणि असे मागे मागे जात राहिले की सुरुवातीला उभे असते अज्ञान. कडी तुटली की पुढचे थांबते.

हे तुमच्या शेतावरच्या उदाहरणाने पाहू. केळीच्या बागेतली मोटार जळाली. घरात दोन प्रकारचे बोलणे ऐकू येते. एक म्हणतो, दिवस वाईट आहेत, स्टार्टरच्या पेटीवर लिंबू-मिरची बांधा. दुसरा विचारतो, का जळाली? गुंडाळीच्या तारेवरचे आवरण वितळले म्हणून. ते का वितळले? तार फार तापली म्हणून. का तापली? विद्युतप्रवाह वाढला म्हणून. तो का वाढला? व्होल्टेज कमी असताना मोटारीवर पाण्याचा भार तेवढाच होता, आणि तेवढेच काम करण्यासाठी तिने जास्त प्रवाह ओढला. प्रवाह सव्वापट झाला की तारेतली उष्णता सव्वापट होत नाही. ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीहूनही जास्त होते. आता कडी कुठे तोडायची ते कळले. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मोटार आपोआप बंद करणारा रिले नीट बसवा. लिंबू-मिरचीने साखळीतली एकही कडी हलत नाही.

दोन्ही साखळ्या एक आहेत असे मात्र मी म्हणत नाही. चाकात स्वर्ग आहे, नरक आहे, पुनर्जन्म आहे. यांतले काही मोजता येत नाही आणि प्रयोगाने तपासताही येत नाही. तेव्हा ‘आमच्या पूर्वजांना सगळे विज्ञान आधीच ठाऊक होते’ असे म्हणून टाळ्या घेणाऱ्यांच्या हाती हे चित्र देण्याची माझी इच्छा नाही. त्यांनी राशिचक्रवाल्यांपेक्षा वेगळे काय केले? त्यांनाही डोक्यात जे आहे तेच भिंतीवर दिसते. मी म्हणतो ते इतकेच: पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, या डोंगरात माणसांनी भिंतीवर एक मोठा प्रश्न रंगवला, आणि तो ‘कोणी केले?’ असा नसून ‘कशामुळे झाले?’ असा होता. ही सवय विज्ञानाला लागते. ती कुठल्याही घरातून आली तरी मला चालते.

युरोपातही अशी एक भिंत आहे. रोममध्ये पोपच्या राजवाड्यात राफाएल या चित्रकाराने १५०९ ते १५११ या काळात एक दालन रंगवले. त्यातले ‘स्कूल ऑफ अथेन्स’ हे चित्र तुम्ही पुस्तकांत पाहिले असेल. मध्ये प्लेटो आणि ॲरिस्टॉटल, खाली पाटीवर कंपास टेकवून वाकलेला युक्लिड, हातात पृथ्वीचा गोल घेतलेला टॉलेमी. त्या चित्राच्या वर, छतावर, तत्त्वज्ञानाची मूर्ती म्हणून एक स्त्री रंगवली आहे आणि तिच्या बाजूंच्या पाट्यांवर दोन लॅटिन शब्द आहेत. त्यांचा अर्थ होतो ‘कारणांचे ज्ञान’. राफाएलने अजिंठ्याचे नावही ऐकले नसेल. एक हजार वर्षांचे अंतर, निराळा धर्म, निराळा देश, आणि ज्ञान म्हणजे काय हे सांगताना दोघेही कारणाशी येऊन थांबतात. त्यांच्या भिंतीपुढे आज जगभरचे लोक रांगा लावतात. आपल्या भिंतीपुढून आपलीच सहल चप्पल काढण्याच्या घाईत निघून जाते.

एका शिक्षकमित्राचे म्हणणे असे की हे धार्मिक चित्र आहे, विज्ञानाच्या तासाला ते कशाला? मला वाटते, ते पाहायला बौद्ध असण्याची गरज नाही. युक्लिड पाहायला ख्रिस्ती असण्याची जेवढी गरज आहे तेवढीच. दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे: ‘अहो, त्यात दिसते काय? सगळे पडले आहे!’ पुष्कळ पडले आहे, हे खरे. पडवीतल्या चित्रांना ऊन, वारा आणि पावसाचे तुषार पंधराशे वर्षे लागले आहेत. शिवाय एकोणिसाव्या शतकात काही पाहुण्यांनी आठवण म्हणून भिंतीवरची चित्रे सोलून नेण्याचा उद्योग केला, आणि या चाकातल्या काही आकृत्याही त्यात गेल्या. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. खडकावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. असा रंग भिंतीत मुरत नाही, वर बसतो. सोलू पाहणाऱ्याच्या हातात त्याचा भुगाच येतो.

नकलांचेही नशीब फुटके. रॉबर्ट गिलने १८४४ पासून कित्येक वर्षे लेण्यांजवळ राहून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या, आणि त्यांतल्याही पुष्कळ लंडनमध्येच १८८५च्या आगीत जळाल्या. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने इटलीहून दोन तज्ज्ञ आणवले. त्यांनी सुटणारे रंग चिकटवून ठेवले, पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी पडला. तो काढण्याचे नाजूक काम आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

आणि सहलींनी काय करायचे? येथे थोडे गणित करा. माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला सुमारे ५० ग्रॅम पाण्याची वाफ बाहेर टाकतो आणि सुमारे १०० वॅट उष्णता देतो. पन्नास मुले अर्धा तास लेण्यात उभी राहिली तर सव्वा लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत गेले, आणि अर्धा तास पाच किलोवॅटची शेगडी पेटवल्याइतकी उष्णता मिळाली. गिलाव्यातली माती आणि तंतू ओल शोषतात, फुगतात, वाळतात, आकसतात; रंगाचा थर त्यांच्या बरोबरीने ताणला जात नाही. आतल्या दालनातल्या चित्रांना हा त्रास फार. आमचे चाक उघड्या पडवीत असल्याने तेथे वाफ साचत नाही. म्हणजे सगळ्या लेण्यांत एकदम घुसण्यापेक्षा एका पडवीत दहा-दहाच्या गटाने अर्धा तास बसणे चित्रांच्याही हिताचे आहे. मुख्याध्यापक म्हणतील, तीस लेणी पाहायला पैसे भरले आहेत. त्यांना मी तिकिटाचे गणित देऊ शकत नाही, वाफेचे दिले आहे.

आपल्या मुलांनी हे चित्र पाहावे असे म्हणण्यात थोडा आपलेपणाही आहे, तो मी लपवीत नाही. लेणी आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडतात. पण त्यांच्या पायथ्याशी वळसा घेणारी वाघूर पुढे जळगाव जिल्ह्यातून तापीला मिळते, आणि तिच्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते. सतरावे लेणे ज्या राजाच्या काळात कोरले गेले, त्याचा ऋषिक देश म्हणजे आजचा खानदेश असे महामहोपाध्याय मिराशी यांचे मत होते.

या वर्षी जाणार असाल तर वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारून न्या. डावीकडे लिहा ‘मला दिसले’, उजवीकडे ‘मला वाटते’. चाकाचे किती भाग आज ओळखू येतात? हात कोणत्या बाजूला आहेत, त्यांचा रंग कोणता? कडेच्या पट्ट्यात किती आकृत्या मोजता येतात? प्राणी कोणते? ज्याची खात्री नाही ते उजवीकडे जाऊ द्या. फोटो घ्यायचा तर फ्लॅश बंद ठेवा. तसा तेथे नियमच आहे. ग्रिफिथ्सचा ग्रंथ १८९६-९७ साली लंडनला छापला गेला आणि त्यात या चाकाचे रेखाटन आहे. त्याची पाने आता संगणकावरही पाहता येतात. शाळेत परत आल्यावर ते रेखाटन पुढे ठेवा आणि तुमच्या वहीशी आकृतीगणिक ताडून पाहा: ग्रिफिथ्सला दिसलेल्यांपैकी तुम्हाला किती दिसल्या? दोन शाळांच्या याद्या जुळतात का? आठवी-नववीच्या मुलांना सहज जमेल असे हे काम आहे. संख्या आली की ती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे उभे राहून मोजली, हे लिहून संपादकांकडे पाठवा.